शिकवणे चोख, माहितीची राखण सैल: एका ऑनलाइन शिकवणीचा वापरानंतरचा अनुभव

दहावीतल्या मुलीसाठी गणित आणि विज्ञान या दोन विषयांची ऑनलाइन शिकवणी आम्ही शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला लावली होती, आणि आता बोर्डाची परीक्षा झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. शिकवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिक्षक तयारीचे आहेत, शंकांची उत्तरे बहुतेक त्याच दिवशी मिळतात, आणि गोव्यातल्या डिचोलीहून संध्याकाळी म्हापशाला किंवा पणजीला शिकवणीला जाऊन पावसात रात्रीच्या बसने परतण्याची मुलीची धावपळ वाचली. माझे लिहिणे आहे ते या सेवेने मुलीची आणि आमच्या घरची माहिती कशी घेतली, कोणाला दाखवली आणि ती पुसून टाका म्हटल्यावर काय केले, याविषयी. सेवेचे नाव देत नाही, कारण माझी एक तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे. शिवाय ओळखीच्या पालकांचे बोलणे ऐकता इतर सेवांची रीतही फारशी वेगळी दिसत नाही.

नोंदणीच्या वेळी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी एवढ्यावर काम भागेल असे वाटते, पण त्यानंतर मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता, बोर्ड, शाळा, गाव, पालकांचा व्यवसाय आणि ‘पुढे काय व्हायचे आहे’ असे प्रश्न एकामागून एक येत जातात. इयत्ता आणि बोर्ड सांगावेच लागणार, कारण धड्यांचा क्रम आणि सराव परीक्षांचा आराखडा त्यावर ठरतो. शाळेचे नाव आणि पालकांचा व्यवसाय कशासाठी हवा, हे मात्र फॉर्मवर कोठेही लिहिलेले नव्हते. जन्मतारखेबद्दल विचारले तेव्हा ती वय पडताळण्यासाठी लागते असे उत्तर मिळाले. परंतु मुलगी पंधरा वर्षांची आहे हे कळल्यावरही पालकांच्या संमतीसाठी एका चौकटीत खूण करण्यापलीकडे काहीच झाले नाही, आणि ती खूण मी केली की मुलीने, हे सेवेला कळण्याचा काही मार्ग नव्हता. व्यवसायाचा रकाना मी रिकामा सोडला, तरी नोंदणी अडली नाही. ज्या रकान्यावाचून काम अडत नाही तो फॉर्मवर ठेवलाच का, हा प्रश्न त्यामुळे मनात राहिला.

फोनवरच्या परवानग्यांच्या बाबतीत सेवेची बाजू मांडणे मला योग्य वाटते. कॅमेरा आणि मायक्रोफोन लाइव्ह तासासाठी लागतात, आणि अँड्रॉइड 12 पासून आलेल्या प्रायव्हसी डॅशबोर्डवर मी वेळोवेळी पाहिले तेव्हा या दोहोंचा वापर तासाच्या वेळीच झालेला दिसला. संपर्क यादीची परवानगी ‘मैत्रिणींना बोलवा’ या सोयीसाठी मागितली होती. ती नाकारली, तरी शिकण्यात काही उणे पडले नाही. प्ले स्टोअरवरच्या ‘डेटा सेफ्टी’ विभागात मात्र माहिती इतरांना दिली जात नाही असे लिहिलेले आहे, आणि सेवेच्या गोपनीयता धोरणात ‘विपणन भागीदारां’चा उल्लेख आहे. हा विभाग अ‍ॅप तयार करणारी कंपनी स्वतःच भरते, आणि कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या पुरवठादारांकडे गेलेली माहिती तेथे ‘इतरांना दिलेली’ धरली जात नाही, त्यामुळे ही दोन्ही विधाने कागदोपत्री कदाचित जुळतही असतील. पालकाला मात्र त्या दोन ओळी वाचून आपल्या मुलीची माहिती नेमकी कोठे जाते हे कळत नाही.

मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट आता सांगते. दिवाळीच्या सुमारास सेवेच्या ‘काउन्सेलर’चा फोन आला. बोलणे अदबीचे होते. मुलीचे नाव घेऊन त्यांनी विचारपूस केली आणि लगेच म्हणाले, “मॅडम, रविवारच्या चाचणीत त्रिकोणमितीत तिला दहापैकी चारच गुण आहेत. आत्ता पाया पक्का झाला नाही तर अकरावीत जड जाईल.” त्यापुढे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांच्या प्रवेश परीक्षा पॅकेजची माहिती, सवलतीची शेवटची तारीख आणि हप्त्यांची सोय, असे सगळे ओघाने आले. मी विचारले, “हे गुण तुम्हाला कोठून कळले?” उत्तर मिळाले, “सिस्टमवर दिसतात ना, मॅडम.” ती चाचणी मुलीने रविवारी सकाळी दिली होती, तिचा निकाल मी स्वतःही अजून पाहिला नव्हता, आणि सोमवारी दुपारी तो विक्री करणाऱ्या माणसाच्या पडद्यावर होता.

गुण शिक्षकाला दिसावेत, कारण त्यावरून पुढचा धडा ठरतो. पालकाला दिसावेत, हेही उघड आहे. परंतु विक्री विभागाला ते दिसण्याचे शिकवण्याशी संबंध असलेले एकही कारण मला सापडत नाही. वाड्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी मुलीची चाचणी तपासून तिचे गुण गाइड विकणाऱ्या दुकानदाराला सांगावेत आणि त्याने ते ऐकून आमचे दार ठोठावावे, तसा हा प्रकार आहे. मुलीला कोणत्या धड्याची भीती वाटते हे ज्याला ठाऊक असते, त्याच्या हाती आईबापांच्या काळजीची नाडी असते, आणि त्या फोनवरचे सगळे बोलणे त्या काळजीलाच धरून चालले होते. पुढे फोन येत राहिले, तेही साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकांवरून. वास्तविक प्रचाराच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारी मालिका ठरवून दिलेली आहे. एसएमएसच्या बाबतीत निदान ओळखण्याची सोय झाली आहे, कारण पाठवणाऱ्याच्या नावापुढे प्रचारासाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी संदेशासाठी ‘जी’ हे अक्षर आता असते. नको असलेला संदेश किंवा फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत 1909 वर तक्रार करता येते. मी ती केली, आणि त्यानंतर त्या क्रमांकांवरून येणारे फोन थांबले.

हप्त्यांच्या सोयीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण अनेक पालकांना तेथे आपण कर्ज घेत आहोत हे लक्षात येत नाही. काउन्सेलर ज्याला ‘सोपे हप्ते’ म्हणतात ते बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. त्यासाठी पॅन, आधार आणि बँकेचे विवरण मागितले जाते आणि ही कागदपत्रे शिकवणीच्या सेवेकडून तिसऱ्याच संस्थेकडे जातात. आम्ही तो मार्ग घेतला नाही. ज्यांना घ्यावा लागतो त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासाठी घालून दिलेल्या नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपला फोनमधील संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फाइल पाहण्यास मनाई आहे. कॅमेरा, मायक्रोफोन किंवा ठिकाण यांचा वापरही ओळख पटवण्यापुरता, एकदाच आणि स्पष्ट संमतीने करायचा आहे. दुसरे असे की आधारची प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे चार अंक सोडून बाकी झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. ती चालत नाही असे कोणी म्हटले तर तसे लेखी मागावे.

गुणवत्ता यादीचा प्रश्न मोठ्या शहरातल्या पालकांना कदाचित किरकोळ वाटेल. दर आठवड्याच्या चाचणीनंतर पहिल्या काही मुलांची नावे, शाळा आणि गाव अ‍ॅपवर सर्व विद्यार्थ्यांना दिसत असे, आणि लाइव्ह तासाच्या चॅटमध्येही पूर्ण नाव दिसत असे. 2011 च्या जनगणनेत संपूर्ण गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. आमच्या तालुक्यात मुलीचे पहिले नाव, इयत्ता आणि शाळा एवढे कळले की तिचे घर शोधायला चौकातल्या एका दुकानात विचारणेही पुरे होते. नाव झाकले म्हणजे ओळख झाकली, हा समज इतक्या लहान राज्यात टिकत नाही. सेवेला कळवल्यावर त्यांनी प्रोफाइलमध्ये टोपणनाव ठेवण्याची सोय कोठे आहे ते दाखवले. ती आधीपासूनच होती, पण सेटिंगच्या तिसऱ्या पातळीवर होती आणि मुळातून पूर्ण नाव दिसण्याचीच योजना होती. मुलांच्या बाबतीत हे उलटे असावे, म्हणजे ज्याला पूर्ण नाव दाखवायचे असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन तसे निवडावे.

परीक्षा संपल्यावर मी माहिती पुसण्याची लेखी विनंती केली. अ‍ॅपमधले ‘खाते बंद करा’ हे बटण दाबल्याने खाते फक्त निष्क्रिय होते, असे धोरण वाचल्यावर कळले. म्हणून तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल पाठवला. मी चार गोष्टी वेगवेगळ्या मागितल्या: मुलीचे प्रोफाइल, चाचण्यांचे गुण, लाइव्ह तासांच्या रेकॉर्डिंगमधील तिचा आवाज व चेहरा, आणि काउन्सेलरच्या नोंदी. उत्तर सभ्य आणि वेळेत आले. प्रोफाइल आणि गुण पुसले. पावती पुसता येणार नाही असे त्यांनी कळवले, आणि ते मला मान्य आहे, कारण जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. रेकॉर्डिंगबाबत मात्र ‘शैक्षणिक गुणवत्ता सुधारण्यासाठी ती ठेवली जातात’ एवढेच मोघम वाक्य आले. किती काळ, कोणाच्या नजरेखाली, आणि नव्या ग्राहकांना दाखवायच्या नमुना तासांत ती वापरली जातात का, या तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही. काउन्सेलरच्या नोंदींचा तर उल्लेखही नाही. 2011 च्या माहिती सुरक्षा नियमांनुसार तक्रार एका महिन्याच्या आत निकाली काढायची असते, आणि ती मुदत आता उलटून गेली आहे.

कायदा पालकांच्या बाजूने येत आहे, पण सावकाश. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि त्यांतही कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे, पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, आणि मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवणे व त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती करणे यांना मनाई आहे; उल्लंघनास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती नियमांत सूट आहे. त्रिकोणमितीचे गुण पाहून शिक्षकाने जादा उदाहरणे देणे या सुटीत बसू शकेल. तेच गुण पाहून विक्रेत्याने फोन करणे हे शैक्षणिक काम कसे म्हणता येईल, ते मला समजत नाही.

याच कायद्यातली भाषेविषयीची तरतूद गोव्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संमती मागण्याआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे, आणि त्या अनुसूचीत मराठी पहिल्यापासून तर कोंकणी 1992 पासून आहे. सध्या या सेवेच्या जाहिराती आम्हाला स्वच्छ मराठीत येतात, हप्त्यांचे गणितही मराठीत समजावले जाते, आणि संमतीचा मजकूर तेवढा इंग्रजीत असतो. माझ्या सासूबाई नातीच्या अभ्यासाकडे माझ्याहून जास्त लक्ष देतात, मराठी वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात; तो मजकूर त्यांच्या भाषेत असता तर शाळेचे नाव का द्यायचे, हा प्रश्न त्यांनीच सर्वांत आधी विचारला असता.

अकरावीसाठी मुलीला हेच शिक्षक हवे आहेत, आणि तिचे म्हणणे मला पटते. म्हणून दोन वर्षांचे पॅकेज न घेता महिन्याच्या वर्गणीवर नवे खाते उघडले आहे. प्रोफाइलमध्ये टोपणनाव आहे, शाळेचा रकाना रिकामा आहे, फोन क्रमांक माझा आहे, आणि तासाच्या वेळी शिक्षकांनी प्रश्न विचारला तरच कॅमेरा सुरू करायचा असे आम्ही ठरवले आहे. चाचण्यांचे गुण विक्री विभागाला दाखवू नयेत असे मी खाते उघडतानाच ईमेलने कळवले असून त्याची पोच मिळाली आहे. जुन्या रेकॉर्डिंगबाबतची तक्रार मी पुन्हा एकदा, पहिल्या ईमेलची प्रत जोडून, त्याच अधिकाऱ्यांकडे पाठवली आहे.