मनोविकार विभाग, खोली क्रमांक २३ : ११ महिन्यांचा अनुभव

आमच्या शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात मी गेले ११ महिने आईला ओसीडीसाठी, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारासाठी, घेऊन जात आहे. ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून गप्प बसायचे की डॉक्टरांकडे न्यायचे, या प्रश्नापाशी जी घरे अडून बसली आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते. आपली ओळख कोणाला पटू नये अशी आईची इच्छा असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही.

आमच्या घरात हा प्रश्न अनेक वर्षे अडकून पडला, याला आजीचे सोवळे बरेच कारणीभूत झाले. आजी ओलेत्याने पाणी भरत असे, काठीने वाळत घातलेल्या लुगड्याला कोणाचा हात लागू देत नसे आणि स्वयंपाक होईपर्यंत आम्हा मुलांना चुलीच्या आसपास फिरकू देत नसे. त्यामुळे आई जेव्हा दुधाची पिशवी साबणाने धुऊ लागली, तेव्हा सासूचे वळण सुनेने उचलले एवढेच सगळ्यांना वाटले. पुढे २०२० साल आले आणि घरोघरी भाजीसुद्धा धुतली जाऊ लागली. त्या काळात आईचे वागणे कोणाला वेगळे वाटण्याचे कारणच उरले नाही. इतरांनी ते हळूहळू सोडले. आईचे मात्र वाढत गेले. नोटा धुणे सुरू झाले, आंघोळ दोन-अडीच तासांची झाली, बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येऊ लागले आणि बहिणीच्या घरी राहायला जाणे तिने कायमचे बंद केले.

डॉक्टरांकडे जाण्याआधी मी या आजाराच्या मोबाइलवरच्या एका चाचणीचा आधार घेतला होता, आणि ती चूक येथे नोंदवणे मला गरजेचे वाटते. कुलूप पुन्हा तपासता का, वस्तू एका रेषेत लागतात का, अशा बारा प्रश्नांची ती चाचणी होती. मी ती आधी आईसाठी भरली, मग बाबांसाठी आणि शेवटी स्वतःसाठी. बाबा घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून पाहतात. मला ओटा आवरल्याशिवाय झोप येत नाही. तिघांचेही उत्तर ‘तीव्र शक्यता’ असेच आले आणि खाली सशुल्क सत्रांचे दर दिसू लागले. तो निकाल पाहून आई म्हणाली, “मग सगळ्यांनाच आहे की. मला एकटीलाच का नेता?” तिला उत्तर देण्यात आणखी चार महिने गेले.

खोली क्रमांक २३ मध्ये आधी निवासी डॉक्टरांनी अर्धा तास सगळी हकिगत लिहून घेतली आणि नंतर वरिष्ठ डॉक्टर बाई आल्या. आई दिवसातून किती वेळा हात धुते, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला नाही. “काकू, हात धुऊन झाले की बरं वाटतं का? किती वेळ वाटतं?” असे त्यांनी विचारले. आई म्हणाली, “दोन मिनिटं. मग वाटतं, नळ बंद करताना पुन्हा हात लागला.” त्यावर डॉक्टरांनी विचारले, “आणि सासूबाईंचं सोवळं कधी संपायचं?” आईने लगेच सांगितले, “नैवेद्य झाला, पंगत उठली, की त्या लुगडं बदलायच्या.” एवढे बोलून ती थांबली आणि बराच वेळ काही बोलली नाही. आजीचे सोवळे कितीही कडक असले तरी त्याला शेवट होता, त्याचे नियम सगळ्या घराला ठाऊक होते आणि ते पार पडले की आजी निवांत सुपारी कातरत बसे. आईच्या धुण्याला शेवट नव्हता. आपल्या भाषेत या आजाराला मंत्रचळ हा जुना शब्द आहे. तो एरवी टिंगलीने वापरला जातो, पण डॉक्टरांनी तोच शब्द अतिशय आदराने वापरून आईला आजार समजावला.

त्यानंतर या आजाराची तीव्रता मोजणारी येल-ब्राउन मापनपट्टी भरून घेतली. तिच्यात १० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण आणि एकूण ४०. पाच प्रश्न मनात येणाऱ्या विचारांचे आणि पाच कृतींचे : त्यात किती वेळ जातो, कामात किती अडथळा येतो, त्रास किती होतो, विरोध करावासा वाटतो का आणि तो जमतो का. माणूस किती टापटिपीचा आहे, याला या पट्टीत एकही गुण नाही. आईचे गुण २७ आले, म्हणजे आजार तीव्र.

बाबांचे कुलूप आणि माझा ओटा हेही मी त्याच बैठकीत विचारून घेतले. अर्ध्या मिनिटात भागणाऱ्या, घाई असली तर सोडून देता येणाऱ्या आणि कोणाचे काहीही न अडवणाऱ्या सवयीला डॉक्टरांनी आजाराचे नाव देण्यास स्वच्छ नकार दिला आणि केसपेपरवर एक अक्षरही लिहिले नाही. मात्र ही सीमा आखून दिलेली नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दिवसाचा एक तास हा ठोकताळा उपयोगी असला, तरी पाऊण तासात नोकरी गमावणारा माणूसही असू शकतो. अशा वेळी त्या लगेच नाव न देता तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. माझ्या मते या विभागाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे की एकाच खोलीत एकाला आजार आहे असे ठामपणे सांगितले गेले आणि दुसऱ्याला तितक्याच ठामपणे निश्चिंत केले गेले.

आपल्याला वेडी ठरवतील आणि मग घराच्या कागदांवरची सही चालणार नाही, ही आईची खरी भीती होती. तेथील समाजसेवा अधीक्षकांनी तिला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम ३ सोप्या शब्दांत सांगितले. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींपेक्षा कोणी वेगळे वागतो, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि आजाराचे निदान झाले तरी सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याशिवाय ती व्यक्ती विकल मनाची ठरत नाही. हे ऐकल्यावरच आईने गोळी घेण्याचे कबूल केले. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतील, हे आधीच सांगितल्यामुळे पहिल्या महिन्यातील मळमळ तिने सोसली. सोबत वर्तनोपचार सुरू झाला : दाराच्या कडीला हात लावायचा आणि न धुता अस्वस्थता ओसरेपर्यंत थांबायचे. माझ्यासाठी सर्वांत अवघड होते ते आम्हाला मिळालेले काम. आम्ही प्रेमापोटी तिला बादल्या भरून देत होतो, नवे साबण आणत होतो, ‘स्वच्छ झालं’ अशी दिवसभर ग्वाही देत होतो आणि त्यातूनच तिचा आजार पोसला जात होता.

तक्रारीही आहेत. दार नीट बंद होत नाही आणि पुढचा रुग्ण उंबऱ्यात उभा असतो. अशा ठिकाणी आपल्या मनातले विचार उच्चारणे आईला फार जड गेले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतात, त्यामुळे वर्तनोपचाराची सत्रे तीन-तीन आठवड्यांनी मिळतात, आणि हा उपचार इतक्या अंतराने देणे अपुरे आहे. दोनदा गोळ्या बाहेरून घ्याव्या लागल्या. केसपेपर १० रुपयांचा आहे, पण सकाळी आठपासून रांगेत उभे राहिलात तरी दुपारचा एक वाजतो. ज्यांना असे जाणे शक्य नाही, त्यांनी टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर निदान पहिली विचारपूस करावी. ती मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येते.

गेल्या महिन्यात पट्टी पुन्हा भरली, तेव्हा आईचे गुण १६ आले. यंदा गणपतीत तिने आजीचे सोवळ्याचे रेशमी लुगडे नेसून नैवेद्य केला, पंगत उठल्यावर ते बदलले आणि त्या दिवशी पुन्हा आंघोळ केली नाही. दुधाची पिशवी ती अजूनही साबणाने धुते. पुढची तारीख मंगळवारची आहे आणि त्या दिवशी पिशवी सोबत घेऊन यायला सांगितले आहे.