झीझीची कुंडी बदलताना 'कॅक्टस-सक्युलंट मिक्स'ची तयार पिशवी कितपत कामाची?

झीझी प्लांट कुंडीत मुकाट दोन-तीन वर्षं काढतं. मग एक दिवस प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगलेली दिसते. आत बटाट्यासारखे कंद वाढून भिंतीला टेकलेले असतात. कुंडी बदलायची हीच वेळ, आणि तेव्हाच 'कॅक्टस व सक्युलंटसाठी' असं छापलेली मिक्सची पिशवी हमखास घरी येते. निकाल आधीच सांगते: ही पिशवी फोडून थेट कुंडीत ओतू नये. तिच्यात भर घातली तर मात्र ती पैसे वसूल करणारी वस्तू आहे.

आधी झाड समजून घेऊ. झामिओकल्कस झामिफोलिया हे पूर्व आफ्रिकेतलं, केनियापासून दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंत आढळणारं, अळूच्या कुळातलं झाड. आपण ज्याला फांदी म्हणतो ते खरं तर एक अखंड संयुक्त पान असतं, खोड जमिनीखालीच राहतं. या कंदांत आणि पानांच्या जाड देठांत पाण्याचा साठा असतो. त्यामुळे मिक्सने पाणी धरून ठेवावं अशी या झाडाची गरजच नाही. त्याला मुळांभोवती हवा हवी असते. पिशवीची पारख याच एका कसोटीवर करायची.

पिशवीवरची घटकांची यादी बघा. बहुतेक मिक्समध्ये पहिलं नाव कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा), मग गांडूळखत किंवा कंपोस्ट, आणि शेवटी परलाइट (तापवून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा वाळू असते. मूठभर मिक्स पांढऱ्या ताटलीत पसरलं की खरं काय ते कळतं. पांढरे दाणे तुरळक दिसले तर ते साधं पॉटिंग मिक्सच आहे, नाव फक्त बदललंय. वाळू असेल तर ती बोटांत चोळून बघा. बारीक वाळू मोकळ्या जागा बुजवते आणि निचरा उलट बिघडवते. कामाची असते ती 2 ते 5 मिलिमीटरची धुतलेली भरड वाळू. यादीत व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं खनिज) किंवा पाणी शोषून फुगणारे जेलचे दाणे असतील तर ती पिशवी दुसऱ्या झाडांसाठी ठेवा. आणि पिशवी निवडताना किलो नाही, लिटर बघा. ओलं कोकोपीट जड भरतं, तेव्हा वजनावरून आत माल किती हे कळत नाही.

नुसत्या नजरेवर विसंबायचं नसेल तर घरच्या घरी करता येणारी एक चाचणी आहे, आणि माझ्या मते पिशवीवरच्या कुठल्याही दाव्यापेक्षा ती जास्त खरं सांगते. एक लिटरच्या लहान कुंडीची भोकं चिकटपट्टीने घट्ट बंद करा. किंचित ओलसर केलेलं मिक्स काठापर्यंत भरून कुंडी दोनदा आपटा, वरून दाबू नका. कडेने हळूहळू पाणी सोडत राहा. वर पाण्याचा पातळ थर चमकला की थांबा, अर्ध्या तासाने पातळी खाली गेलेली दिसेल, पुन्हा भरा. मग कुंडी परातीत ठेवून चिकटपट्टी काढा आणि तासाभरात निथळलेलं पाणी मोजा. जेवढं पाणी निघालं तेवढी जागा आता हवेने घेतली. एक लिटरमधून 200 मिली किंवा जास्त निघालं तर मिक्स झीझीला चालेल. 100 मिलीच्या आसपास निघालं तर ते फार दमट आहे. कोकोपीटवर भर असलेल्या पिशव्या बहुधा इथेच नापास होतात.

नापास पिशवीला वळणावर आणणं सोपं आहे: तीन भाग मिक्सला दोन भाग भरड परलाइट किंवा प्युमिस (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे दाणे). परलाइट हलकं आणि सहज मिळणारं, पण पाण्याबरोबर वर तरंगत येतं आणि काही वर्षांत चुरतं. प्युमिस वजनदार असतं, दाणे टिकतात, आणि उंच झीझी एका बाजूला कलंडत असेल तर त्या वजनाचा आधारही होतो. दोन्ही मिळत असतील तर प्युमिसच घ्यावं. परलाइट वापरत असाल तर आधी पाणी शिंपडा आणि नाकातोंडावर मास्क लावा, त्याची धूळ श्वासात जाणं चांगलं नाही. भर घातल्यावर वरची चाचणी पुन्हा एकदा करा.

किती माल लागेल? 15 सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीत साधारण पावणेदोन लिटर मावतं, 20 सेंटीमीटरच्या निमुळत्या कुंडीत साडेचार लिटरच्या आसपास. 15 वरून 20 वर जाताना जुना गड्डा (मुळांसकट मातीचा गोळा) तसाच बसतो, म्हणजे नवीन मिश्रण पावणेतीन लिटर लागतं. त्यातलं पिशवीतलं मिक्स जेमतेम पावणेदोन लिटर. पाच लिटरची पिशवी दोन झाडांना सहज पुरते. मोठ्या कुंड्या भरायच्या असतील तर मात्र तयार पिशवी महागात पडते, घटक सुटे आणून घरी मिसळणं बरं.

कुंडी आधीपेक्षा 3 ते 5 सेंटीमीटरच मोठी घ्या. फार मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेलं मिक्स आठवडेच्या आठवडे ओलं राहतं आणि कंद कुजतात. तळाला खडी टाकायची सवय सोडाच. तळाशी मिक्सचा एक थर निथळल्यावरही ओलाच राहतो, त्याची जाडी मिक्सवर ठरते. खडी घातली की तोच थर वर सरकून कंदांच्या जवळ येतो. भिजलेला स्पंज आडवा धरून निथळू द्या आणि मग उभा करा, आणखी पाणी गळेल. उंच कुंडी उथळ कुंडीपेक्षा चांगली निथळते ती याच कारणाने. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. स्वतः पाणी ओढणाऱ्या, खाली टाकी असलेल्या कुंड्या या झाडाला मुळीच नकोत.

काम उबदार दिवसांत करा, नवे कोंब वर येत असताना. आधी आठवडाभर पाणी बंद ठेवा, म्हणजे जुनी माती सहज सुटते. हातमोजे घाला, कारण रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्वचेची आग होते. पानांना धरून झाड कधीही ओढू नका, देठ कंदापासून तुटतात. प्लास्टिकची कुंडी चहूबाजूंनी दाबून सैल करा, नाहीच निघाली तर कात्रीने कापा. कुंडीपेक्षा कंद मोलाचे.

निरोगी कंद घट्ट असतो, मुळं जाड आणि पांढरट. बोट रुतलं, वास आला तर स्वच्छ सुरीने घट्ट भाग लागेपर्यंत कापा आणि झाड एक-दोन दिवस सावलीत उघडंच सुकू द्या. बाकी गड्डा फार मोकळा करू नका, कडेची सुटी माती झटकली की झालं. मात्र जुनी माती चिकट, चिखलासारखी असेल तर ती जास्तीत जास्त काढा, नाहीतर नव्या भुसभुशीत मिक्समध्ये तो गोळा ओलाच राहतो. कंद वेगळे करायचे तर प्रत्येक तुकड्याला निदान एक पान आणि थोडी मुळं हवीत.

मिक्स भरण्याआधी हलकं ओलसर करा: मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. पीट मॉसच्या पिशवीत ही पायरी चुकवलीत तर पुढे फार त्रास होतो. ते एकदा कोरडं पडलं की पाणी नाकारतं, कुंडीच्या भिंतीपासून आकसतं, आणि ओतलेलं सगळं पाणी कडेने वाहून जातं. तसं झालंच तर कुंडी वीस मिनिटं पाण्याच्या टबात ठेवा. कोकोपीटला हा त्रास कमी, पण नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. शंका आली तर पहिल्या पाण्यात भरपूर पाणी आरपार जाऊ द्या.

कंदाचा माथा पृष्ठभागाखाली 1-2 सेंटीमीटर राहील इतकंच खोल लावा. वर दोन सेंटीमीटर जागा सोडा. दाबून भरू नका, कुंडी आपटून मिक्स बसू द्या. काही कापलं नसेल तर पहिलं पाणी दोन-तीन दिवसांनी, कापलं असेल तर आठवड्याने. पुढे मिक्स पार तळापर्यंत कोरडं झाल्यावरच भरपूर पाणी द्या. लाकडी काडी खोल खुपसून बघितली की कळतं. पिशवीत कंपोस्ट आहे, तेव्हा पहिले तीन महिने वेगळं खत नको.

कंपोस्टवाल्या मिक्समधून बारीक काळी चिलटं येतात, ही या पिशव्यांची खरी उणीव. वरचा तीन सेंटीमीटर थर पूर्ण कोरडा राहिला की ती आपोआप कमी होतात. वरच्या पांढऱ्या बुरशीच्या तंतूंना घाबरू नका, ते कुजक्या सेंद्रिय पदार्थावर जगतात. पिशवी उघडताच आंबूस वास आला तर मिक्स दिवसभर पसरून ठेवा.

नव्या कुंडीत काही महिने एकही कोंब दिसला नाही तरी झाड बिघडलं असं समजू नका, आधी मुळं पसरतात. देठ सुरकुतले तर तहान आहे. खालची पानं पिवळी पडून देठाचं बूड मऊ, तपकिरी होत असेल तर पाणी जास्त झालंय, लगेच कुंडीतून काढून कंद तपासा. स्नेक प्लांटलाही हेच मिश्रण चालतं. जेडसाठी मात्र भर आणखी वाढवा, मिक्स आणि प्युमिस निम्मं-निम्मं.