डिमॅजिओचे ५६ सामने की विल्यम्सचे .४०६?

१९४१चा अमेरिकन बेसबॉल हंगाम. न्यूयॉर्क यांकीज संघाच्या जो डिमॅजिओने १५ मे ते १६ जुलै सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट (सुरक्षितपणे बेस गाठून देणारा फटका) मारला. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या केन केल्टनरने तिसऱ्या बेसपाशी त्याचे दोन खणखणीत फटके अडवले आणि मालिका तुटली. विक्रम आजही अबाधित आहे.

तरी माझं मत त्याच हंगामात .४०६ची सरासरी राखणाऱ्या, बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सला. मालिकेला सामन्यागणिक एक हिट पुरतो. सरासरीत (हिट भागिले फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधी) मात्र प्रत्येक चुकलेल्या फटक्याचा हिशेब लागतो. हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी विल्यम्सची सरासरी .३९९५५ होती. बाकावर बसून राहिला असता, तरी ती .४०० धरली गेली असती. तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला आणि आठ संधींत सहा हिट मारले!

सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र डिमॅजिओला मिळाला.