विंग चुनचा लाकडी पुतळा : आठ महिन्यांच्या सरावानंतर

विंग चुन या दक्षिण चिनी युद्धकलेत एकट्याने सराव करण्यासाठी वापरतात तो लाकडी पुतळा मी गेले आठ महिने रोज वापरत आहे. खोडाला तीन हात आणि गुडघ्यात वाकलेला एक पाय, एवढेच त्याचे रूप. परंतु मध्यरेषेचे तत्त्व, म्हणजे शरीराच्या मधोमध कल्पिलेली रेषा राखून सर्वांत जवळच्या मार्गाने प्रहार करणे, हे त्याच्यासमोर उभे राहिल्याशिवाय मला नीट उमगले नव्हते. बोंग साओ, म्हणजे कोपर उंच ठेवून हाताने प्रहार वळवण्याची हालचाल, करताना जोराला जोराने अडवायला गेले, की लाकूड हाताच्या हाडावर लगेच चूक दाखवून देते, आणि कोन बदलून पुढे सरकायचे असते हे शब्दांपेक्षा लवकर कळते.

पूर्वी असे पुतळे जमिनीत पुरत. हाँगकाँगमधील लहान घरांत, विंग चुनचे प्रसिद्ध गुरू इप मान यांच्या काळात, ते दोन आडव्या पट्ट्यांवर बसवण्याची पद्धत रूढ झाली. माझाही तसाच आहे, आणि त्या पट्ट्यांची हलकी उसळी मला फार मोलाची वाटते, कारण ढकललेला पुतळा किंचित मागे जाऊन परत येतो. हात खाचेत मुद्दाम सैल बसवलेले असतात. त्यांचा खडखडाट हा दोष नव्हे. पायाची पाचर मात्र दुसऱ्याच महिन्यात निसटली आणि विक्रेत्याने तक्रारीला उत्तरही दिले नाही.

ची साओतून, म्हणजे दोघांनी हातांना हात चिकटवून केलेल्या सरावातून, येणारी स्पर्शाची जाण जोडीदाराकडूनच मिळवावी लागते. शिवाय सिउ निम ताओ, म्हणजे विंग चुनमधला हालचालींचा पहिला ठरावीक क्रम, पक्का होण्याआधी हा पुतळा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.