कोलिन्स्की म्हणून विकलेलं नायलॉन आणि पुन्हा भरलेल्या बाटल्या

मिनिएचर म्हणजे सैनिक वगैरेंच्या छोट्या मूर्ती रंगवण्याच्या सामानात झालेली फसवणूक पटकन कळत नाही. एखादं यंत्र बंद निघालं तर त्याच क्षणी समजतं. पण ब्रशचं टोक फाकलं, रंग डागाडागांनी बसला, की नवीन शिकणारा माणूस आधी स्वतःच्या हाताला नावं ठेवतो. खोटा माल विकणाऱ्यांचं फावतं ते इथेच. आमच्या घरी हेच झालं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

‘छंद सोडतो आहे, सगळा सेट एकत्र द्यायचा आहे’ अशी ऑनलाइन जाहिरात होती. फोटोत वायेहो कंपनीच्या रंगांच्या ड्रॉपर बाटल्या, तामिया कंपनीच्या रंगांच्या काचेच्या छोट्या बरण्या, रंग ओला ठेवणारी वेट पॅलेट आणि लाकडी पेटीत कोलिन्स्की केसांचे ब्रश. माझा भाचा नुकताच रंगवायला लागला होता आणि मला स्वतःला चांगल्या केसांचे ब्रश हवे होते. विकणारा फोनवर मोकळेपणाने बोलला. कुठल्या प्राइमरवर (रंगाआधी देतात त्या अस्तरावर) कुठला रंग धरतो, मेटॅलिक रंगांसाठी पाणी वेगळं का ठेवायचं, हे सगळं त्याने बरोबर सांगितलं. विषयाची जाण असलेला माणूस आहे म्हणून विश्वास ठेवला. ती जाण त्याने फसवायलाच वापरली, याचा राग अजून जात नाही.

आधी ब्रशबद्दल. कोलिन्स्कीचे केस सायबेरिया आणि ईशान्य आशियाच्या थंड भागातल्या एका वीझल जातीच्या प्राण्याच्या शेपटीचे असतात. प्रत्येक केस टोकाकडे आपोआप निमुळता होत जातो आणि मध्ये थोडा जाड असतो. म्हणूनच ब्रशचं पोट भरपूर रंग धरतं आणि टोक मात्र सुईसारखं राहतं. हे केस मिळणं सोपं नाही. २०१३ च्या सुमारास वन्यजीव व्यापाराच्या कागदपत्रांवरून अमेरिकेत या ब्रशची आयात अडली होती आणि बाजारात त्यांचा तुटवडा झाला होता. विन्सर अँड न्यूटन कंपनीची सिरीज ७ ही कोलिन्स्की ब्रशची मालिका तर १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हुकमावरून तयार झाली, आणि आजही तिच्या दांडीवर कंपनीचं नाव, सिरीज आणि नंबर स्पष्ट छापलेला असतो. आम्हाला आलेल्या ब्रशवर सोनेरी अक्षरांत नुसतं ‘कोलिन्स्की’ होतं. कोणी बनवला, कुठे बनवला, काही नाही. तो शब्द कोणीही दांडीवर छापू शकतो.

पहिल्याच धुण्यात कोमट पाण्यात तांबूस रंग उतरला. ब्रश टिश्यूवर टेकवला तर तिथेही तसाच डाग. खऱ्या केसांना असा रंग चढवावा लागत नाही. हा पांढरा नायलॉन होता, वरून तपकिरी केलेला. काही दिवसांत टोकाचे केस एका बाजूला वळले. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक केसाच्या टोकाला बारीक आकडा झालेला. सिंथेटिक ब्रशचं हे ठरलेलं दुखणं आहे. सिंथेटिक ब्रश वाईट नसतात. ड्रायब्रशिंगला (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासायला), मेटॅलिक रंगांना, गोंद किंवा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) लावायला मी तेच वापरते. पण ते सिंथेटिक म्हणून विकावेत.

भाचा याच ब्रशने २८ मिलिमीटरच्या एका सैनिकाचे डोळे रंगवत होता. त्या मापात सगळं डोकंच जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं. वळलेलं टोक डोळ्यावर टेकण्याआधी गालाला लागायचं. तो पुसायचा, पुन्हा करायचा. शेवटी म्हणाला, “मावशी, माझा हातच स्थिर नाही. मला हे जमणारच नाही.” मी माझा जुना, खरा दोन नंबरचा ब्रश त्याच्या हातात दिला आणि त्याच संध्याकाळी दोन्ही डोळे नीट झाले.

विकणाऱ्याला फोन केला तर तो अगदी समजुतीने बोलला. “मॅडम, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. हात बसला की ब्रश बरोबर चालतो. तोवर रात्रभर पाण्यात उभे ठेवा, केस मोकळे होतील.” हा सल्ला लक्षात ठेवा. ब्रश पाण्यात उभा ठेवला की टोक वाकतं, पाणी पत्र्याच्या नळीत शिरून आतला गोंद सैल करतं, लाकूड फुगतं आणि दांडीचा रंग तडकतो. मी तसं केलं नाही. पुढच्या फोनवर त्याचा पहिला प्रश्न हाच होता: “भिजवले होते ना? मग ते तुमच्याकडून खराब झाले.” म्हणजे माल परत घेण्याची वाट बंद करण्यासाठीच तो सल्ला दिलेला होता.

रंगांचं प्रकरण याहून वाईट निघालं. ड्रॉपर बाटलीचं टोक ओढलं की निघतं. हवा तो रंग आत भरून टोक परत बसवता येतं. बाहेरून काही कळत नाही. मला संशय आला तो वासावरून. वायेहोच्या मॉडेल कलर या रंगांना जवळजवळ वास नसतो, कारण ते पाण्याच्या अंगाचे अॅक्रिलिक रंग आहेत. त्यातल्या एका काळ्या बाटलीला मात्र स्पिरिटसारखा उग्र वास होता, तामियाच्या रंगाला असतो तसा. तामियाचा अॅक्रिलिक रंग अल्कोहोलच्या अंगाचा असतो. माझ्याकडच्या वायेहोच्या खऱ्या बाटलीतला एक थेंब आणि यातला एक थेंब पॅलेटवर एकत्र केले, तर मिश्रणाच्या रबरासारख्या चिकट गुठळ्या झाल्या. ते एअरब्रशमध्ये (रंग फवारायच्या पिचकारीत) गेलं असतं तर ०.३ मिलिमीटरचं नोझल तिथेच बुजलं असतं.

चंदेरी बाटलीत हस्तकलेचा चमकीचा रंग होता. मिनिएचरच्या मेटॅलिक रंगातले कण इतके बारीक असतात की लहानशा चिलखतावरही धातूचा सलग पत्रा वाटतो. इथे प्रत्येक कण सुटा दिसत होता. पांढरा रंग पाण्याने वाढवलेला. काळ्या प्राइमरवर त्याचा थेंब टाकला तर मधोमध फिकट आणि कडेला वर्तुळ. रंग पातळ करूनच लावायचा असतो हे खरं, पण ते आपण पॅलेटवर, आपल्या हिशेबाने करतो. बाटलीतच पाणी ओतलं की रंगाला धरून ठेवणारं अॅक्रिलिकही विरळ होतं. रात्रभर वाळल्यावर ओलं बोट हलकेच फिरवलं, तर बोट पांढरं झालं. नीट वाळलेला अॅक्रिलिक पाण्याने असा सुटत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. फोटो खऱ्या मालाचे होते, पार्सल उघडताना मी चित्रण केलं होतं, पण त्यात फक्त बंद बाटल्या आणि टोपणातले ब्रश दिसतात. त्याचं म्हणणं, माल तर फोटोतलाच आहे. म्हणून पार्सल उघडतानाच, कॅमेरा चालू ठेवून, ब्रश ओला करा आणि मनगटाने एक झटका द्या. चांगला ब्रश झटक्यासरशी एका टोकाला येतो. सुटा झालेला एखादा केस चिमट्याने काढून जाळा. खरा केस जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होतो. मिश्र केसांचे ब्रशही असतात, तेव्हा एका केसावर निकाल देऊ नका. बाटल्या हलवून प्रत्येकीचा एक थेंब काळ्या आणि एक पांढऱ्या कागदावर टाका, वास घ्या. एवढं चित्रणात आलं तर समोरच्याला बोलायला जागा उरत नाही. पैसेही शक्यतो अशा पद्धतीने द्या की माल तपासेपर्यंत ते मधल्या संस्थेकडे अडकून राहतील.

सेटमध्ये ०००, ०००००, असे शून्यांची माळ लावलेले ब्रश भरपूर होते. नवीन माणसाला वाटतं, बारीक काम म्हणजे बारीक ब्रश. इतक्या लहान ब्रशमध्ये रंगच मावत नाही, मूर्तीपर्यंत पोचेपर्यंत तो टोकावरच वाळतो. चांगल्या टोकाचा एक किंवा दोन नंबरचा एकच ब्रश घेतला तर डोळ्यांपासून अंगरख्यापर्यंत सगळं होतं. रंगही सेटने न घेता काळा, पांढरा, तीन मूळ रंग, एक तपकिरी आणि एक चंदेरी इतकेच, सीलबंद, ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्या.

खराब रंग बसलेले सैनिक मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवून जुन्या टूथब्रशने साफ केले. कडक पॉलिस्टायरीन प्लास्टिकला त्याने काही होत नाही. रेझिनचं मॉडेल असेल तर फार वेळ बुडवू नका, आणि अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकजवळ आणूही नका, चेहराच विरघळतो.

तोच माणूस नाव बदलून अजून विकतो आहे, कारण तेच फोटो मला पुन्हा दिसले. जाहिरातीत ‘छंद सोडतो आहे’, ‘सुटं देणार नाही’ आणि ‘उघडलेला माल परत नाही’ हे तिन्ही एकत्र दिसलं, ब्रशच्या दांडीवर कंपनीचं नाव नसलं आणि बाटलीतला थेंब कागदावर टाकून फोटो मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच थांबवा.