तालुक्याच्या वाचनालयातला हॉवर्ड फास्ट: आधी काय न्यावं

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात अमेरिकी लेखक हॉवर्ड फास्टच्या (1914–2003) चार इंग्रजी कादंबऱ्या आहेत. पुस्तक एका वेळी एकच, तेही पंधरा दिवसांसाठी मिळतं, म्हणून क्रम चुकवू नका.

बहुतेक जण सिनेमामुळे आधी ‘स्पार्टाकस’ उचलतात आणि अर्ध्यात परत करतात. कादंबरी सुरू होते तेव्हा रोममधल्या गुलामांचं बंड मोडलेलं असतं, नायक मेलेला असतो. रोमहून कापुआला निघालेली श्रीमंत मंडळी रस्त्याकडेचे, बंडखोरांना टांगलेले क्रूस पाहत जातात आणि गोष्ट बंड मोडणाऱ्या सेनापती क्रॅससपासून अनेकांच्या बोलण्यातून मागेपुढे होत उलगडते. पात्रांची नावं चिठ्ठीवर लिहून ठेवली की अडत नाही. आपल्या प्रतीत प्रस्तावना नाही, ही मोठी उणीव. अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीला नावं द्यायला नकार दिला म्हणून फास्ट 1950 मध्ये तीन महिने तुरुंगात होता. पुढे प्रकाशकांनी पाठ फिरवल्यावर 1951 मध्ये त्यानं हे पुस्तक स्वतःच छापलं. ती हकीकत 1996 च्या आवृत्तीत त्यानंच लिहिली आहे. वाचनालयानं तीच मागवावी.

कास्तकाराच्या घरात मात्र आधी ‘फ्रीडम रोड’ (1944) न्यावी. ज्या अमेरिकी यादवी युद्धानं वऱ्हाडच्या कापसाला भाव चढवला, त्या युद्धानंतरचा साउथ कॅरोलायना इथे आहे. गुलामीतून सुटलेला निरक्षर गिडियन जॅक्सन प्रतिनिधी म्हणून निवडून जातो, वाचायला शिकतो. पुढे काळे आणि गरीब गोरे मिळून मळ्याची जमीन लिलावात घेतात. जमीन नावावर झाली तरी टिकवायची कशी, हा खरा पेच. 1877 मध्ये उत्तरेनं सैन्य काढून घेतल्यावर काय होतं ते मी इथे सांगत नाही. बोलीतले संवाद मोठ्यानं वाचा, पटकन कळतात.

‘सिटिझन टॉम पेन’ चांगली, पण अमेरिकी क्रांतीची थोडी माहिती हवी. ‘द इमिग्रंट्स’ (1977) जाडजूड, वाचायला सोपी, घाई नाही.

पुस्तकांची अवस्था वाईट. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे, उन्हाळ्यात पाठीचा गोंद कडक होऊन तडकतो आणि मधली पानं सुटतात. नेण्याआधी पानं मोजा, नाहीतर भरपाई तुमच्या माथी. कपाट हलवायला खर्चही नाही!

नवीन खरेदीत ‘एप्रिल मॉर्निंग’ (1961) सुचवावी. अमेरिकी क्रांतीतली 1775 ची लेक्सिंग्टनची चकमक, पंधरा वर्षांचा मुलगा, लहानसं पुस्तक. अकरावी-बारावीच्या पोरांना झेपेल.