१९ महिने, २ पावसाळे, १५ बादल्या: आमच्या स्लॅबवरच्या पांढऱ्या कोटिंगचा अनुभव

आधी धंदा सांगतो, म्हणजे काळजी कशाची होती ते कळेल. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचा वह्या-रजिस्टर बांधण्याचा छोटा कारखाना आहे. खाली मशिनी, वर कागदाचं गोदाम. विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीला सुरू होतात. म्हणजे तयार मालाचे गठ्ठे छतापर्यंत चढलेले असतात आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. २०२३ च्या पावसाळ्यात २ ठिकाणी स्लॅब गळला आणि ४० रिम कागद भिजला. भिजलेला कागद वाळवला तरी पापडासारखा वाकडाच राहतो, तो रद्दीवाल्यालाच जातो.

इमारत १९९८ ची. आरसीसी स्लॅब, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), ६० बाय ५० फूट. इतक्या वर्षांत त्यावर सगळे प्रयोग झाले होते: डांबर, टारफेल्टचे (डांबरी कापडाचे) तुकडे, दर मेमध्ये सिमेंटचं पाणी, आणि काहीच चाललं नाही की निळी ताडपत्री. हिंगणा रोडवरून मेट्रोने जाताना खिडकीतून खाली बघा, अर्ध्या गच्च्या अशाच दिसतात.

कोबा उखडून सगळं नव्याने करायचं कोटेशन ४ लाख ८० हजारांचं आलं, शिवाय दीड महिना गोदाम रिकामं करायचं. त्याऐवजी स्लॅबवर पाणी अडवणारं पांढरं कोटिंग मारायचं ठरवलं. त्याचा खर्च शेवटी १ लाख ६५ हजार झाला, म्हणजे चौरस फुटाला ५५ रुपये. पण आधी एका इंजिनिअरला बोलावून खालून स्लॅब ठोकून पाहिला, हे बरं केलं. एका कोपऱ्यात प्लास्टर सुटून सळई गंजलेली निघाली. तिथे सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरल्यावरच वरचं काम काढलं. आत सळई कुजत असेल तर वरून कितीही रंग फासा, स्लॅब सुधारत नाही.

मी ॲक्रिलिक इलास्टोमेरिक, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं कोटिंग घेतलं. पाण्यात मिसळणारं, उन्हात टिकणारं, स्वस्त. पीयू (पॉलियुरेथेन) जास्त चिवट आणि महाग. त्यातला साधा प्रकार उन्हात पिवळा पडतो आणि भुकटी सोडतो, म्हणून त्यावर वेगळा टॉपकोट लागतो. सिलिकॉन साचलेल्या पाण्याला दाद देत नाही, पण धूळ धरतं, ओलं झालं की पाय सटकतो, आणि पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही. ॲक्रिलिकचा शत्रू एकच, साचलेलं पाणी. हे मला तेव्हा माहीत होतं. तरी चूक केलीच, ती पुढे येते.

आता बादल्यांची गोष्ट. पहिला ठेकेदार सामान घेऊन आला तेव्हा टेम्पोतून २० लिटरच्या ८ बादल्या उतरल्या. मी कागदवाला माणूस. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे कागदाचं वजन किती ग्रॅम, हे विचारल्याशिवाय रिम घेत नाही, कारण ६० ऐवजी ५४ चा कागद आला तर वही दिसते तशीच, पण शाई मागे उतरते. म्हटलं, याचाही जीएसएम काढू. डेटा शीटवर वाळल्यानंतरची जाडी ५०० मायक्रॉन (अर्धा मिलिमीटर) लिहिली होती आणि घनभाग, म्हणजे सॉलिड्स बाय व्हॉल्यूम, ५० टक्के. हिशोब शाळेतला आहे. १ चौरस मीटरवर १ लिटर पसरलं की ओला थर १००० मायक्रॉन. निम्मं उडून गेलं की उरले ५००. आमचा स्लॅब आणि पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) आतली फूटभर उंची मिळून साधारण ३०० चौरस मीटर. म्हणजे ३०० लिटर, १५ बादल्या. ८ बादल्यांत जेमतेम २६५ मायक्रॉन बसणार होते.

ठेकेदार म्हणाला, "भाऊ, काहून इतकं मोजून राहिले? २ कोट लिहिले आहेत, २ कोट मारून देतो." खोटं नव्हतं ते. पाणी घालून ८ काय, ६ बादल्यांतही २ कोट होतात. कोटेशनमध्ये 'कोट' लिहिलं होतं, 'लिटर' कुठेच नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. तो गेला. दुसरा मिस्त्री फक्त मजुरीवर ठरवला आणि माल मी स्वतः आणला, सीलबंद, १६ बादल्या. रिकाम्या बादल्या जिन्याखाली रांगेने लावायला सांगितल्या आणि रोज संध्याकाळी मोजल्या. मिस्त्रीला आधी राग आला. तिसऱ्या दिवशी तोच ओरडून सांगायला लागला, "आज चार झाल्या जी!"

तयारीला ९ दिवस लागले, कोटिंगला ४. डांबर पूर्ण खरवडलं, कारण त्यावर पांढरं मारलं की महिन्याभरात तपकिरी डाग वर येतात. कोबा हातोडीने ठोकत गेलो. जिथे पोकळ वाजला तिथे फोडून भरला. भेगा इंग्रजी व्ही आकारात उघडून भरल्या, पॅरापेटच्या कोपऱ्यात वाटा (मॉर्टरची गोलाई) काढला, खुऱ्याभोवती (पावसाचं पाणी बाहेर जायच्या जागेभोवती) आणि सगळ्या सांध्यांवर फायबरची जाळी पहिल्या कोटात दाबून बसवली. स्लॅब कोरडा आहे का ते पाहायला दीड बाय दीड फुटाचं प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवलं. सकाळी एका ठिकाणी आतून घाम आला होता. तो भाग आठवडाभर उन्हात तसाच सोडला. आत ओल ठेवून वर कोट मारला की वाफ फुगे काढते.

एप्रिल २०२४ मध्ये काम झालं. नागपूरच्या एप्रिलमध्ये दुपारी स्लॅबवर पाय ठेवत नाही, तिथे पाण्याचा रंग रोलरवरच सुकतो. म्हणून सकाळी ६ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. पहिला कोट राखाडी, दुसरा पांढरा, आणि तोही आडव्या दिशेने. दोन रंगांमुळे सुटलेली जागा लगेच दिसते. मधल्या एका संध्याकाळी अवकाळी आला आणि ताज्या कोटावर थेंबांची नक्षी उमटवून गेला. तेवढा भाग पुन्हा मारला.

उन्हाचं सांगतो, कारण यात मला खरं समाधान मिळालं. जिन्यावरचा छोटा स्लॅब आम्ही कोटिंगशिवाय सोडला होता. मेमध्ये दुपारी अडीच वाजता इन्फ्रारेड गनने मोजलं: साध्या सिमेंटवर ६१ अंश, पांढऱ्यावर ४६. खाली गोदामात स्लॅबचा तळ आधी हाताला चटका देत असे, आता नुसता कोमट लागतो. गन हातात आल्यावर पोरांनी चहापासून तर्री पोह्यापर्यंत सगळं मोजून काढलं, ते वेगळं. विजेच्या बिलात किती फरक पडला हे छातीठोकपणे नाही सांगणार, कारण त्याच उन्हाळ्यात आम्ही एक नवी कटिंग मशीन लावली. कामगार मात्र दुपारी वर जायला कुरकुर करत नाहीत.

दुसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२५ च्या मेमध्ये, तोच पांढरा ५१ दाखवायला लागला. कारण धूळ. दिवसभर ट्रक धावतात आमच्या रस्त्यावर. साबणाचं पाणी आणि मऊ झाडू घेऊन दोन पोरांनी एका सकाळी स्लॅब धुतला, तेव्हा ४७ वर आला. ॲसिड आणि तारेचा ब्रश अजिबात नको, थर निघतो.

पहिला पावसाळा कोरडा गेला. छताखाली एक थेंब नाही. जुलैतल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी टॉर्च घेऊन गोदामात उभा राहिलो होतो, घरी झोप येईना म्हणून. गठ्ठ्यांवरची ताडपत्री मी मात्र अख्खा हंगाम काढली नाही. सवय.

आता दोन फजित्या.

पहिली कूलरची. वरच्या मजल्यासाठी २ मोठे डक्ट कूलर स्लॅबवर ठेवलेले आहेत. लोखंडी स्टँडचे पाय थेट कोटवर टेकवले, आणि त्यांची टाकी उन्हाळाभर थोडी थोडी टपकते. तिथे स्लॅबचा उतारही नीट नव्हता. मला दिसत होतं, पण चार बादली मॉर्टर वाचवायच्या नादात उतार दुरुस्त केला नाही. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटीच तिथला थर मऊ झाला. बोटाने ओढला तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा तुकडा हातात आला, खाली राखाडी कोट, त्याखाली ओला कोबा. स्लॅबची बाकी जवळजवळ तीन हजार फूट जागा ठणठणीत आणि ही २५ फूट गेली. शेवटी तेवढा भाग खरवडून, उतार देऊन पीयू मारलं, स्टँडखाली रबरी पॅड ठेवले आणि टपकणाऱ्या पाण्याला पाईप लावून खुऱ्यात सोडलं. ३ हजार ८०० रुपये. आधी केलं असतं तर हजारभरात झालं असतं.

दुसरी फजिती जुलै २०२५ ची. पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल उतरली. मला वाटलं कोटिंग गेलं. मिस्त्री आला, त्याने आधी स्लॅबवर त्या बाजूला पाणी कोंडलं. दोन तास काही नाही. मग मगाने पॅरापेटच्या माथ्यावर पाणी ओतत गेला. वीसेक मिनिटांत आत थेंब. पॅरापेटच्या माथ्यावरच्या प्लास्टरला केसाएवढी भेग होती; पाणी तिथून भिंतीत शिरून आमच्या फूटभर कोटच्या मागून खाली येत होतं. वरचा माथा आम्ही रंगवलाच नव्हता, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता चारही बाजूंचा माथा भेगा भरून, आत उतार काढून, जाळीसकट कोट केला आहे. त्यानंतर गणपती गेले, नवरात्र गेलं, भिंत कोरडी आहे.

किरकोळ: संक्रांतीला पतंगवाली पोरं भिंत चढून वर येतात. बुटांनी कोटला काही झालं नाही, पण कुणीतरी मांजासाठी विटा ओढत नेल्या तिथे ओरखडे पडले. ब्रशने टचअप केलं. आता संक्रांतीआधी गच्चीला कुलूप.

वॉरंटीबद्दल एवढंच, की कागद पूर्ण वाचा. आमच्या कागदावर १० वर्षं मोठ्या अक्षरांत आहे. बारीक अक्षरांत असं आहे की फक्त माल बदलून मिळेल, मजुरी नाही. पाणी साचत असलेली जागा त्यात धरलेली नाही. आणि जाडी कमी भरली तर दावा बाद. मी बिलं आणि रिकाम्या बादल्यांचे फोटो जपून ठेवले आहेत. दहा वर्षं मात्र मी स्वतः धरत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी धुऊन अजून एक कोट, असा हिशोब मनात आहे. तोही खालचा थर शाबूत असताना मारला तरच स्वस्तात होतो.

पुढच्या मार्चमध्ये जिन्यावरचा छोटा स्लॅबही करायचा आहे. गनने तुलना करायला मग जागा उरणार नाही, पण तिथेही आता भेगा दिसायला लागल्यात. सोळाव्या बादलीतला अर्धा माल झाकण लावून ठेवला होता, त्यात भागेल म्हणून गेल्या आठवड्यात उघडला. दह्यासारखा घट्ट झालाय, वर बुरशी. नवी बादली घ्यावी लागेल.